तलावाखालचा धान

वडशाच्या शेतीचा इतिहास सांगायचा तर आधी पायाखालचा खडक पाहावा लागतो. देसाईगंजच्या पश्चिमेला वैनगंगा. बाकीचा मुलूख उंचसखल, जंगलाचा. पाऊस उदंड, पण तो चार महिन्यांतच पडून जातो. खाली कठीण खडक असल्याने पाणी फारसे मुरत नाही, नदीकडे धावते. धानाला तर भर पावसाळ्यातला पंधरा दिवसांचा खंडही सोसत नाही. या अडचणीतूनच इथला तलाव जन्मला.

जो तलाव बांधेल त्याला त्याखाली भिजणारी जमीन बहाल, असा चांद्याच्या हीरशहा या गोंड राजाचा हुकूम परंपरा सांगते. पुढे कोहळी समाजाने तलाव बांधण्यात नाव कमावले. वर जंगल, मध्ये मातीची पाळ, खाली धानाच्या बांध्या, अशी साधी रचना. जंगल माती धरून ठेवी, म्हणून तलाव लवकर भरून येत नसे. उन्हाळ्यात उघड्या पडलेल्या तळातला गाळ बैलगाडीने बांधीत जाई. धान कापण्याआधीच ओल्या बांधीत लाखोळी फेकत. उरल्या ओलीवर ती पिके आणि तिच्या मुळांवरच्या गाठी जमिनीला नत्र देत. आज जिला शाश्वत शेती म्हणतो, तिचे बरेचसे धडे इथे असे पाण्याच्या गरजेतून गिरवले गेले.

ही व्यवस्था निर्दोष नव्हती. मालगुजारीत वेठबिगारही होती. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, हे न्याय्यच झाले. पण त्यासोबत तलावही सरकारजमा झाले. पूर्व विदर्भातील अशा सहा हजारांहून अधिक तलावांना ‘माजी मालगुजारी’, म्हणजे बोलण्यातले ‘मामा’ तलाव, हे नाव पडले. पाण्यावरचा गावाचा हक्क निस्तारपत्रकात राहिला. गाळ कोणी काढायचा, हा प्रश्न मात्र लोंबकळला. पुढे इटियाडोहच्या कालव्याचे पाणी आले, पंप आले, युरिया आला. तलावावाचून चालते असे वाटू लागले. पाळी खचल्या, तळात बेशरम माजली.

उलटा प्रवासही जवळच दिसतो. शेजारच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात ढिवर समाजाच्या स्त्रियांनी काही तलावांतली बेशरम उपटली, देशी पाणवनस्पती लावल्या. तिथे देशी मासे परतू लागले. याच गडचिरोली जिल्ह्यात मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये वनहक्क कायद्याखाली जंगलावरचा सामूहिक हक्क मिळाला.

या दोन घटना एकत्र वाचायला हव्यात. सेंद्रिय खताची पोती वाटून वडशाची शेती टिकणार नाही. तिचे खत तलावाच्या तळात आहे आणि तलावाचे आयुष्य वरच्या जंगलात. जंगल ग्रामसभेच्या हाती येऊ शकते, तर त्याच्या पायथ्याचा तलाव का नाही? १९५१ पासून लोंबकळलेल्या प्रश्नाचे उत्तर तिथूनच शोधावे लागेल.