आपला बार्शी–लातूर रस्ता : थोडा पूर्वेतिहास

॥ श्री मारुती प्रसन्न ॥

ग्रामदैवत श्रीमारुतीरायाच्या मंदिराचा जीर्णोद्धार आपणां सर्वांच्या सहकार्याने पूर्णत्वास गेला, ही समाधानाची गोष्ट आहे. मंदिराची माहिती या स्मरणिकेत अन्यत्र आलीच आहे. परंतु ज्या रस्त्याने या कामाचा दगड, सिमेंट आणि देणगीदार मंडळी गावात आली, त्या रस्त्याचीही हकीकत नोंदून ठेवावी, म्हणून हा अल्प प्रयत्न.

बार्शी, पांगरी, येडशी, ढोकी, मुरूड, लातूर ही या रस्त्यावरील प्रमुख ठिकाणे. येडशीस सोलापूर–बीड रस्ता त्यास छेदतो. ढोकीपासून जवळच असलेले तेर म्हणजे प्राचीन तगर नगरी व श्रीसंत गोरोबाकाकांचे गाव. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात तगरचा उल्लेख आहे. येथील कापड गाड्यांतून भडोच बंदरी जाई आणि वाटेतील मोठ्या मुलखात रस्ताच नव्हता, असे त्यात म्हटले आहे. म्हणजे आपल्या भागात व्यापार आधी आला, रस्ता मागाहून!

१९४७ पर्यंत बार्शी इंग्रजी अमलात, तर येडशी-ढोकीचा भाग निजामाच्या राज्यात होता. सरहद्दीवर करोडगिरीचे नाके असत व मालावर जकात द्यावी लागे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंजिनिअरने १८९७ मध्ये कुर्डुवाडी–बार्शी अशी अडीच फुटी रुळांची रेल्वे सुरू केली. ती १९११ मध्ये लातूरपर्यंत पोहोचली. १९४१ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर परिषदेसाठी कसबे तडवळे येथे आले होते, हेही याच पट्ट्यातील गाव. हैदराबाद मुक्तिसंग्रामात बार्शीकडील सरहद्दीवर कार्यकर्त्यांचे कँप होते आणि रझाकारांच्या भयाने कितीतरी कुटुंबे तिकडे आश्रयास गेली. सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात आले. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यास जोडला गेला, आणि बार्शी व येडशी एका राज्यात आली.

मोठ्या रस्त्यापासून गावापर्यंतची वाट मात्र गाडीवाटच राहिली. पावसाळ्यात बैलांचे पाय रुतत, आजाऱ्यास बाजेवर घालून फाट्यापर्यंत न्यावे लागे. १९७२ चा दुष्काळ पडला, विहिरी आटल्या आणि दुष्काळी कामावर हा रस्ता निघाला. पुरुषांच्या बरोबरीने बायाबापड्यांनी उन्हात खडी फोडली, लेकरे झाडाखाली झोळीत ठेवली आणि वाटपाची सुकडी पदरात बांधून घरी नेली. अशा कामांच्या अनुभवातूनच पुढे १९७७ चा रोजगार हमी कायदा झाला. मंदिरातील संगमरवरी फलकावर देणगीदारांची नावे योग्य त्या मानाने कोरली आहेत. त्या बायांची नावे कोणत्याच शिळेवर नाहीत, म्हणून त्यांचे ऋण येथे नमूद करणे आमचे कर्तव्य आहे.

रस्ता झाला आणि त्याच रस्त्याने मुले शिकावयास व पोटामागे पुण्या-मुंबईस गेली. हॉटेल, पिठाची गिरणी, खताचे दुकान सारे फाट्यावर उभे राहिले. गाव फाट्याकडे सरकले, देव जुन्या गावठाणात राहिला. मंडपाच्या तुळया कुजल्या, पण सांजवात चुकली नाही. जीर्णोद्धाराच्या बैठकीत ‘नवे मंदिर हमरस्त्यालगतच बांधू, येणाऱ्या-जाणाऱ्यास दर्शन होईल’ अशी सूचना आली. तीत तथ्य होते, म्हणून चर्चा रात्री उशिरापर्यंत चालली. शेवटी वडीलधारी मंडळी म्हणाली, “रस्ता आज आहे तो उद्या रुंद होईल, वळेल. देवाला किती वेळा उठवायचे?” हे सर्वांस पटले. अनुभवही तोच आहे. ती छोटी रेल्वे आता ब्रॉडगेज झाली असून तिचा मार्ग धाराशिव शहराकडे वळला आहे.

देणगीदार बंधू-भगिनींस एकच नम्र विनंती. वर्गणी आपण मनिऑर्डरने पाठविलीत, मोबाइलवरूनही पाठविलीत, ती पोहोचली. आता दर्शनास स्वतः यावे. फाट्यावर उतरल्यावर त्या खडीच्या रस्त्याने गावापर्यंत थोडे पायी चालावे. तो कोणाच्या हातांनी झाला, हे बरोबरच्या मुलांना सांगावे.

॥ शुभं भवतु ॥