मुका खांब : क्रोशाच्या भेटीचा आणि मजुरीचा इतिहास

नाताळच्या सुमारास इंग्लंड-अमेरिकेत एक छोटीशी वस्तू या हातातून त्या हातात जात असते. चहा-कॉफीच्या मगाला बाहेरून घालायचे लोकरीचे जाकीट. तिकडे त्याला मग कोझी म्हणतात. आपल्याकडच्या मागच्या पिढीला किटलीवरची टिकोजी ठाऊक असेल, तिचेच हे धाकटे भावंड. लाल किंवा हिरवी लोकर, वरच्या कडेला पांढरी झालर, मधोमध हिमकणाची नक्षी, मगाचा कान बाहेर राहावा म्हणून ठेवलेली फट आणि ती मिटवायला एक लाकडी बटण. शाळेतल्या बाईंना, शेजारणीला, कचेरीतल्या सहकाऱ्याला ती दिली जाते, आणि देताना एक वाक्य हटकून म्हटले जाते : ‘मी स्वतः विणलंय.’

या वाक्याचा थोडा हिशेब मांडून पाहू. मगाचा घेर साधारण २५ सेंटिमीटर. मध्यम जाडीच्या लोकरीत एका ओळीला ४० टाके धरले आणि उंचीला १६ ओळी, तर ६४० टाके झाले. नक्षी, बटण, लोकरीची टोके आत लपवणे हे सगळे धरून सराईत हातालाही दोनेक तास लागतात. हीच वस्तू कुणी बाजारात विकायला ठेवली, तर त्या दोन तासांचे काय मिळेल? बहुतेक वेळा लोकरीच्या किमतीच्या वर फार थोडे. भेट म्हणून जी अनमोल, ती विकायला ठेवली की जवळजवळ फुकट, हा क्रोशाच्या इतिहासातला सर्वांत जुना पेच आहे. मग कोझी अलीकडची. पेच पावणेदोनशे वर्षांचा.

त्यासाठी आधी क्रोशाची एक खोड समजून घ्यावी लागते. दोन सुयांच्या विणकामात अनेक टाके एकाच वेळी सुईवर उभे असतात, आणि ते काम करणारी यंत्रे सोळाव्या शतकाच्या अखेरीपासून आहेत. क्रोशात मात्र आकड्यावर बहुधा एकच टाका जिवंत असतो. आधीच्या ओळीत आकडा खुपसायचा, दोरा ओढून आणायचा, टाका मिटवायचा, पुढे सरकायचे. प्रत्येक टाक्याला जागा शोधावी लागते. कारखान्यांतून ‘क्रोशे मशीन’ नावाने जे यंत्र असते ते ताण्याच्या दोऱ्यांचे विणकाम करते. दिसायला जवळचे, पण बांधणी वेगळी. खरा क्रोशा विणणारे यंत्र अजून कारखान्यात आलेले नाही. म्हणजे दुकानात टांगलेली क्रोशाची वस्तू कितीही स्वस्त असो, ती कुणाच्या तरी बोटांतूनच आलेली असते.

जाता जाता आपल्या भाषेबद्दल. ब्रिटिश बाई ज्याला ‘डबल क्रोशे’ म्हणते त्यालाच अमेरिकन बाई ‘सिंगल क्रोशे’ म्हणते, आणि नमुना कुठल्या देशातला हे न पाहता विणायला बसलेल्यांची फजिती ठरलेली. मराठी बायकांनी हा घोळ मुळातच टाळला. त्यांनी साखळी, मुका खांब, खांब अशी घर बांधताना वापरावीत तशी नावे ठेवली. वर सांगितलेला टाका म्हणजे आपला मुका खांब : बुटका, घट्ट, सगळा भार उचलणारा आणि नक्षीत कुणाच्या नजरेत न भरणारा.

क्रोशा कुठून आला याबद्दल इजिप्त, अरबस्तान, चीन अशा पुष्कळ कथा सांगितल्या जातात. डॅनिश संशोधक लिस पालुदान यांनी युरोपातले पुरावे धुंडाळून पाहिले, तेव्हा १८०० च्या आधीचा भक्कम पुरावा काही हाती लागला नाही. मला त्यांचे म्हणणे पटते. हस्तकलांना उगाच हजारो वर्षांचे वय चिकटवण्याची आपल्याला हौस असते. फ्रेंचमध्ये ‘क्रोशे’ म्हणजे छोटा आकडा, तोच शब्द आपण उचलला. छापील नमुने १८२० च्या दशकात ‘पेनेलोपे’ नावाच्या डच मासिकात दिसू लागतात. ते कसले होते? बटव्यांचे. जवळच्या माणसाला आपल्या हाताने करून द्यावी अशी वस्तू म्हणजे त्या काळी बटवा. छापील क्रोशाची सुरुवातच अशी भेटवस्तूच्या घरातून झाली.

पण त्याच्याही आधी गरिबाघरचा एक क्रोशा होता. त्याचा इंग्रजीतला पहिला लेखी उल्लेख म्हणून एलिझाबेथ ग्रँट या स्कॉटिश बाईंच्या आठवणींकडे बोट दाखवले जाते. १८१२ सालच्या हकिकतीत त्यांनी ‘मेंढपाळी विणकाम’ असा शब्द वापरला आहे. आठवणी लिहिल्या गेल्या १८४५ नंतर आणि छापल्या गेल्या १८९८ मध्ये, हे ध्यानात ठेवून तो उल्लेख वाचावा. मराठी वाचकाला या बाईंची ओळख दुसऱ्या वाटेने पटेल. त्यांचे वडील सर जॉन पीटर ग्रँट हे मुंबईच्या सुप्रीम कोर्टाचे न्यायाधीश. पुण्याच्या मोरो रघुनाथ या मुलाच्या ताब्यावरून गव्हर्नर माल्कमशी त्यांचे वाजले, मुंबईबाहेर कोर्टाचा हुकूम चालणार नाही अशी भूमिका सरकारने घेतली आणि १८२९ मध्ये ग्रँटसाहेबांनी चिडून कोर्टच बंद केले. त्याच वर्षी मुंबईत एलिझाबेथचे लग्न झाले, कर्नल हेन्री स्मिथ यांच्याशी. त्यांना आयर्लंडमधल्या विकलो परगण्यातली बाल्टिबॉइजची जमीनदारी वारशाने मिळाली आणि जोडपे तिकडे गेले. मेंढपाळी विणकामाची आठवण लिहिणारी ही बाई मग आयर्लंडच्या दुष्काळात जमीनदारीण म्हणून रोजनिशी लिहीत होती. आणि नेमक्या त्या दुष्काळात, त्याच बेटाच्या दुसऱ्या भागांत, क्रोशाची मजुरी झाली.

१८४५ पासून बटाट्याचे पीक लागोपाठ कुजले. सुमारे दहा लाख माणसे मेली आणि तितकीच देश सोडून गेली. घरात पैसा आणू शकेल असे काम बायकांना हवे होते, आणि त्याला भांडवल जवळजवळ नको होते. क्रोशाला लागतो एक गुंडा आणि एक आकडा. आकडासुद्धा तारेचे टोक घासून, वाकवून, लाकडाच्या मुठीत बसवून घरी होई. कॉर्कजवळच्या ब्लॅकरॉकच्या अर्सुलाइन मठातल्या जोगिणींनी मुलींना हे काम शिकवले. उत्तरेकडे मोनहॅन परगण्यातल्या क्लोन्स गावी तिथल्या धर्मगुरूंच्या पत्नी कॅसांड्रा हँड यांनी १८४७ मध्ये शिक्षिका आणवून काम सुरू केले. ‘क्लोन्सची गाठ’ म्हणून ओळखला जाणारा टाका अजून त्या गावाचे नाव सांगतो. सुईने विणलेल्या व्हेनिसच्या महागड्या लेसची नक्कल आकड्याने करायची, कारण आकड्याचे काम कितीतरी वेगाने होते. गुलाब एका घरात, तीन पानांचा शॅमरॉक दुसऱ्या घरात, आणि सगळी फुले एका जाळीत जोडणारी बाई तिसरीच. त्या पैशातून भाडी चुकती झाली, अमेरिकेच्या जहाजांची तिकिटे निघाली. या कामाने माणसे जगवली, याबद्दल वाद नाही. पण एक फूल विणणाऱ्या बाईला आपल्या फुलाची गळपट्टी कुठे विकली गेली आणि कितीला, हे कळायची सोय त्या मांडणीतच नव्हती.

त्याच सुमारास लंडनच्या दिवाणखान्यांत हाच आकडा ‘फुरसतीचे काम’ म्हणून चालत होता. एलेओनोर रिएगो द ला ब्रांशार्दिएर या बाईंनी क्रोशाच्या नमुन्यांची पुस्तकांमागून पुस्तके काढली. १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात त्यांच्या कामाला पदक मिळाले. त्यांच्या आईकडून आलेले नाते आयर्लंडचे, आणि आयरिश क्रोशाचे श्रेय पुष्कळदा त्यांच्या नावावर जमा होते. टाके कुणाचेही असोत, नाव राहते ते छापणाऱ्याचे. मध्यमवर्गाचा घरगुती नाताळ याच दशकांत आकाराला आला. स्त्रियांच्या मासिकांतून पिनकुशन, बटवे, सपाता यांचे नमुने येत, आणि १८६० च्या दशकात चहाच्या किटलीवरची टोपीही त्यात दिसू लागली. कुलीन बाईने पैशासाठी काम करणे कमीपणाचे, पण हात रिकामे ठेवणेही बरे नाही. या अडचणीतून भेटवस्तू हा फार सोयीचा मार्ग होता. तास खर्च होत, पण ते कुणी मोजत नसे, कारण मोजले की ते काम ठरले असते.

या मांडणीचे टोक पाहायचे तर १९०० साल घ्यावे. ऐंशी वर्षांच्या व्हिक्टोरिया राणीने बोअर युद्धातल्या सैनिकांसाठी खाकी लोकरीचे आठ गळपट्टे स्वतः क्रोशाने विणले. ते पुढे शौर्याचा सन्मान म्हणून निवडक शिपायांना दिले गेले. कॅनडाच्या रिचर्ड टॉम्प्सनला मिळालेला गळपट्टा आज ओटावाच्या युद्ध संग्रहालयात आहे. टाका पाहावा तर मोनहॅनमधल्या कुठल्याही पोरीला जमेल असा साधा. उलट आयरिश क्रोशाच्या ज्या गळपट्ट्या युरोप-अमेरिकेच्या संग्रहालयांत आहेत, त्यांतल्या बहुतेकांसमोर विणणारीचे नाव नाही.

आयर्लंडची गोष्ट परकी वाटत असेल तर गोदावरीच्या काठाने खाली जावे. नाशिकहून निघालेली ही नदी आंध्रात समुद्राला मिळते तिथे नरसापूर आहे. एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी तिथल्या गरीब ख्रिस्ती बायकांना लेस शिकवली. पुढे कापू या शेतकरी जातीच्या बायका त्यात आल्या, ज्यांनी शेतावर न जाणे हे घराच्या प्रतिष्ठेचे लक्षण होते. जर्मन समाजशास्त्रज्ञ मारिया मीस यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस तिथे राहून अभ्यास केला; १९८२ मध्ये त्यांचे पुस्तक निघाले. क्लोन्ससारखीच रचना त्यांना दिसली : फुले विणणाऱ्या वेगळ्या, जोडणाऱ्या वेगळ्या, मधे दलाल, वर निर्यातदार, आणि माल परदेशी. बायका दिवसाचे सहा-आठ तास विणत आणि मिळकत शेतमजूर बाईच्या किमान वेतनाच्याही पुष्कळ खाली असे. मीस यांचे खरे निरीक्षण पुढचे आहे. या बायकांना सगळे ‘गृहिणी’ म्हणत, त्या स्वतःही म्हणत. काम घरी बसून होते, म्हणून ते फुरसतीतले, आणि फुरसतीला कसली आली मजुरी? लंडनच्या दिवाणखान्यात जो शब्द बाईची प्रतिष्ठा राखायला वापरला गेला, तोच नरसापुरात तिचा दर पाडायला कामी आला. २०२४ मध्ये नरसापूरच्या क्रोशा लेसला भौगोलिक मानांकन मिळाले. गावाचे नाव राखले गेले, हे चांगलेच झाले.

महाराष्ट्रात क्रोशा फारसा मजुरी झाला नाही, आणि माझ्या मते पूर्णपणे भेटही झाला नाही. तो रुखवतात गेला. मिशनच्या आणि मग आपल्या स्वतःच्या मुलींच्या शाळांनी शिवणटिपण अभ्यासक्रमात आणले. घरोघरी सुती दोऱ्याचे गुंडे आले. तोरणे, ताटावरचे रुमाल, मणी ओवलेली दुधावरची जाळी, पुढे रेडिओ आणि टीव्हीवरची आच्छादने. लग्नात ती मांडून ठेवायची, ‘हे सगळं मुलीनं केलंय’ म्हणून. त्यातली निम्मी मावशीने, वहिनीने, शेजारच्या काकूंनी रात्री जागून केलेली असत, हे मांडवात सगळ्यांना माहीत असे आणि कुणी बोलत नसे. रुखवत म्हणजे मुलीच्या गुणांचा दाखला. दाखल्याला किंमत नसते, शिक्का असतो. आमच्या इतिहासकारांनी रुखवताकडे हौस म्हणून पाहिले आणि सोडून दिले. त्यातल्या श्रमाची नोंद कुठल्याच वहीत झाली नाही. आजही सत्तरी-ऐंशीतल्या बायकांच्या पेट्यांत हे रुमाल आहेत. कुणी विणले, दोरा कुठून आणला, किती रात्री गेल्या, हे त्यांना विचारून लिहून ठेवायला हवे. तेही लवकर.

मग कोझी या साखळीच्या शेवटी येते. १९९१ मध्ये अमेरिकेतल्या पोर्टलँडच्या जे सोरेन्सन यांनी कॉफीच्या कागदी पेल्याभोवती गुंडाळायची पुठ्ठ्याची पट्टी काढली, कारण गरम पेला हातातून सुटून कॉफी मांडीवर सांडली होती. वापरून फेकायच्या त्या पट्टीला उत्तर म्हणून अनेकींनी लोकरीची, धुऊन पुन्हा वापरता येणारी पट्टी विणली. तीच कान असलेल्या मगाला बसवली की मग कोझी. एका बैठकीत होते, उरलेल्या लोकरीत भागते, माप चुकले तरी चालते. नवशिकीने पहिली भेट विणावी ती हीच.

आता मोठ्या दुकानांतून नाताळची क्रोशाची खेळणी आणि कोझ्या एका कॉफीच्या किमतीत मिळतात. ६४० टाके तिथेही तेवढेच असतात, आकडा तिथेही हातातच असतो. आतल्या बाजूला शिवलेल्या चिठ्ठीवर लोकरीचा प्रकार छापलेला असतो, धुण्याच्या सूचना असतात आणि देशाचे नाव असते.