समाजस्वास्थ्य (मासिक)

समाजस्वास्थ्य हे लैंगिक आरोग्य, संततिनियमन आणि स्त्री-पुरुष संबंध या विषयांना वाहिलेले मराठी मासिक होते. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी ते जुलै १९२७ मध्ये मुंबईत सुरू केले आणि १९५३ साली झालेल्या आपल्या निधनापर्यंत चालविले.

पार्श्वभूमी

महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे पुत्र असलेले र. धों. कर्वे हे गणिताचे प्राध्यापक होते. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमन केंद्र काढले. या प्रचारकार्यामुळे १९२५ मध्ये त्यांना विल्सन महाविद्यालयातील नोकरी सोडावी लागली. लैंगिक व्यवहारांविषयीचे शास्त्रीय ज्ञान सामान्य माणसास त्याच्या भाषेत मिळावे, हा मासिकामागील हेतू होता.

वाचकांचे प्रश्न

वाचकांच्या पत्रांना दिलेली उत्तरे हे मासिकाचे महत्त्वाचे अंग होते. ज्या शंकांचा घरात उच्चारही होत नसे आणि ज्या परिचितांपुढे मांडण्याचा संकोच वाटे, त्या पत्राद्वारे विचारता येत. उत्तरे छापली जात असल्याने एकाच्या शंकेचे निरसन, न विचारणाऱ्या इतरांपर्यंतही पोहोचे. हस्तमैथुनासारख्या विषयांवर पाप किंवा भय यांच्या भाषेत न बोलता कर्वे स्पष्ट शब्दांत उत्तर देत.

खटले

या स्पष्टपणामुळे मासिकावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३१ मध्ये व्यभिचारविषयक लेखाबद्दल कर्वे यांना १०० रुपये दंड झाला. १९३४ मधील खटला वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरूनच भरण्यात आला होता. त्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी कर्वे यांची बाजू मांडली. मासिकाचा विषयच लैंगिक शिक्षण असल्याने त्यासंबंधीच्या शंकांना उत्तर देणे हे संपादकाचे काम ठरते; लैंगिक विषयावरील लेखन केवळ त्या विषयामुळे अश्लील मानता येत नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. न्यायालयाने तो मान्य केला नाही आणि कर्वे यांना २०० रुपये दंड केला. त्यानंतरही मासिक बंद पडले नाही.

महत्त्व

आरोग्यविषयक माहिती उपलब्ध असणे आणि ती निःसंकोचपणे विचारता येणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे या मासिकाच्या इतिहासातून दिसते. शरमेपोटी टाळल्या जाणाऱ्या प्रश्नांना त्याने छापील पानावर स्थान दिले.

कलाकृतींतील चित्रण

अमोल पालेकर दिग्दर्शित ‘ध्यासपर्व’ (२००१) हा चित्रपट कर्वे यांच्या जीवनावर आधारित आहे. अजित दळवी लिखित व अतुल पेठे दिग्दर्शित ‘समाजस्वास्थ्य’ या नाटकात मासिकावरील खटल्यांचे चित्रण आहे.