‘माझी मैना गावावर राहिली’ : विरहगीत नव्हे, मुंबईतल्या गरिबीची छक्कड

शाळेचं गॅदरिंग असो, १ ऑगस्टची मिरवणूक असो की तीस सेकंदांचं रील, ‘माझी मैना गावावर राहिली’ हे ध्रुपद कुठे ना कुठे कानावर पडतंच. कुणी ‘गावावर’ म्हणतं, कुणी ‘गावाकडं’. नवरा मुंबईत, बायको गावी आणि दोघांच्या जिवाची तगमग, म्हणून बहुतेकांच्या डोक्यात हे विरहगीत म्हणूनच बसलंय. मूळ रचना मात्र बरीच लांब आहे. तिच्यात बेकारी आहे, मुंबईची श्रीमंती आहे आणि शेवटी चक्क बेळगाव-कारवार आहे. रीलमध्ये यातलं काहीच मावत नाही.

ही छक्कड अण्णाभाऊ साठे यांची. छक्कड हा लावणीचाच एक प्रकार, चटपटीत चालीचा आणि सहसा शृंगाराकडे झुकणारा. ढोलकी वाजली की समोर बसलेल्या माणसाला काय ऐकायला मिळणार, हे आधीच ठाऊक असतं. अण्णाभाऊंनी याच सवयीचा फायदा घेतला. सुरुवातीला ते मैनेच्या रूपाचं मनसोक्त वर्णन करतात. ऐकणारा खुशीत येतो आणि मग कळतं की या दोघांची ताटातूट गरिबीनं केली आहे.

निघताना नवरा बायकोची समजूत काढतो. कोल्हापुरी साज, वज्रटीक, पुतळ्यांची माळ, नाकात नथ, असं सगळं मुंबईहून करून आणीन म्हणतो. तिची कळी काही खुलत नाही. बहुधा तिला हिशेब आधीच कळलेला असतो. मुंबईत उतरल्यावर तो त्यालाही कळतो. इथे बेकारांची गर्दी आहेच, त्यात आणखी एकाची भर. आजूबाजूला मात्र हडसनची गाडी, नायलॉन आणि जॉर्जेटच्या तलम साड्या, माड्यांवर माड्या. (हडसन ही अमेरिकन मोटार. तिचं उत्पादन १९५७ मध्येच थांबलं. तेव्हा श्रीमंतीची खूण असलेलं नायलॉन पुढे कुणालाही परवडू लागलं.) दागिने लांबच राहिले, बायकोला सोबत ठेवण्याइतकी जागाही या शहरात त्याला परवडत नाही.

हे कवीच्या कल्पनेतलं दुःख नव्हतं. त्या काळी घाटावरून आणि कोकणातून गिरण्यांमध्ये कामाला आलेले हजारो पुरुष असेच राहत. एका खोलीत दहा-पंधरा जण, ज्याची पाळी संपली तो येऊन झोपणार, जेवण खानावळीत आणि गावाकडे महिन्याची मनीऑर्डर. कुटुंब आणायचं तर खोली हवी आणि खोलीला पैसे हवेत.

अण्णाभाऊंनी ही मुंबई आतून पाहिली होती. १ ऑगस्ट १९२० रोजी वाळवा तालुक्यातल्या वाटेगावात, मातंग समाजात त्यांचा जन्म झाला. मूळ नाव तुकाराम. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला वडील भाऊराव यांच्यासोबत हे कुटुंब पायी चालत मुंबईला निघालं. शाळा जवळपास नाहीच. हमाली, कोळसा उचलणं, फेरीवाल्याच्या हाताखाली राबणं, गिरणीतली नोकरी, असं मिळेल ते काम त्यांनी केलं. १९४४ मध्ये अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्यासोबत त्यांनी लाल बावटा कलापथक उभं केलं. घाटकोपरच्या चिरागनगर झोपडपट्टीत त्यांनी अनेक वर्षं काढली. ‘फकिरा’ प्रसिद्ध झाली तेव्हाही त्यांचं बिऱ्हाड तिथेच होतं. ‘चिरागनगरची भुतं’ या कथासंग्रहाच्या नावात ती वस्ती आहे. आणि ‘स्मशानातील सोनं’ या कथेत खाणीतलं काम सुटलेला भीमा पोटासाठी चितेची राख चाळतो, तोही मुंबईच्या उपनगरातच.

गरिबीवर त्यांनी लिहिलेली ही एकटी रचना नाही. त्यांची ‘मुंबईची लावणी’ सुद्धा गाजली. तिच्यात एका बाजूला मलबार हिल आणि दुसऱ्या बाजूला परळचा कामगार आहे. मुंबईवरची त्याआधीची प्रसिद्ध लावणी पठ्ठे बापूरावांची. ती शहराचा थाटमाट पाहून हरखून जाते. तेच शहर, तोच लावणीचा बाज, पण अण्णाभाऊंनी उलटी बाजू दाखवली. गंमत म्हणजे बापूरावांचं रेठरे हरणाक्ष आणि अण्णाभाऊंचं वाटेगाव, दोन्ही गावं एकाच वाळवा तालुक्यातली.

आता प्रश्न उरतो बेळगावचा. ‘माझी मैना’ गाजली ती संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत. छक्कडीच्या शेवटी अण्णाभाऊ एकच वळण घेतात आणि सगळ्या गाण्याचा अर्थ बदलतो. गावी राहिलेल्या बायकोची भेट होत नाही, तशीच गत बेळगाव, कारवार, निपाणी आणि गोव्याची, म्हणजे तुटलेल्या महाराष्ट्राची. राजकीय मागणी सभेत भाषणानं सांगता येतेच. पण समोर बसलेल्या गिरणी कामगाराची स्वतःची बायको गावी होती. सीमाप्रश्न त्याला असा घरचा वाटला.

सभांमध्ये ही छक्कड पोचवली ती शाहीर अमर शेख यांनी. बार्शीचे अमर शेख यांचं मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल. त्यांचा पहाडी आवाज मैदानाच्या टोकापर्यंत जायचा. त्यांच्या गायनात मैनेचं वर्णन ही फक्त पायवाट होती, जायचं होतं शेवटच्या कडव्यांकडे. १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र झाला, बेळगाव-कारवार-निपाणी बाहेरच राहिलं. गाण्यातली ती मागणी आजही अपुरीच आहे.

पुढच्या पिढीत शाहीर विठ्ठल उमप यांनी ही रचना आपल्या ढंगात गायली. उमपांचा जन्म १९३१ चा, मुंबईतल्या नायगावचा, म्हणजे गिरणगावाला लागूनच. लोककलेचा ठसका आणि आवाजातला नाट्यमय चढउतार ही त्यांची खासियत, त्यामुळे गाण्यातला नवरा डोळ्यांसमोर उभा राहतो. नंतर शाहिरी पथकं, ऑर्केस्ट्रा, कॉलेजच्या लोकगीत स्पर्धा, टीव्हीचे मंच, सगळीकडे ही छक्कड पोचली. पाच मिनिटांत संपवायची म्हणजे काहीतरी कापावं लागतं आणि कात्री बऱ्याचदा शेवटावर चालते. रूपाचं वर्णन टाळ्या घेतं, हडसनची गाडी आणि निपाणी समजावून सांगावी लागते. त्यात गायकांचाच दोष आहे असंही नाही. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकामागोमाग बंद पडल्या आणि ज्याला हे गाणं न सांगता कळायचं तो श्रोताच पांगला.

तरी एकदा सलग ऐकून पाहा, म्हणजे कापाकापी कुठे झाली ते लगेच कळतं. अर्धीच गायली तर मैना फक्त देखणी राहते. ती गावी का राहिली, याचं उत्तर पुढच्या अर्ध्यात आहे.

अण्णाभाऊंना पक्कं घर मिळालं ते शेवटी शेवटी, गोरेगावच्या सिद्धार्थनगरात. तिथेच १८ जुलै १९६९ रोजी त्यांचं निधन झालं. सहा आठवड्यांनी, २९ ऑगस्टला, अमर शेख अपघातात गेले.