भगंदर आणि क्षारसूत्र

उणकलला चंद्रमौळेश्वराच्या दर्शनास गेलो, की चारही दिशांना द्वारे असलेले ते चालुक्यकालीन देवालय पाहून आम्हांस त्या काळच्या दुसऱ्या एका विद्येचे स्मरण होते. सुश्रुताने भगंदरास आठ महागदांत गणले व क्षारसूत्राचा निर्देश केला. अकराव्या शतकात वंगदेशीय चक्रपाणिदत्ताने स्नुहीचा चीक व हळद लावलेले सूत्र सांगितले. गुदाजवळच्या या नाडीव्रणात खोल छेद घेतल्यास मलधारणेची शक्ती जाण्याचे भय असते. सूत्र मात्र मार्ग हळूहळू कापीत जाते व मागून जखम भरत येते.

पुढे मागे पडलेल्या या उपायास काशी हिंदू विश्वविद्यालयात डॉ. पी. जे. देशपांडे यांनी नवजीवन दिले. तथापि परंपरेचा अभिमान म्हणजे पुरावा नव्हे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने १९९१ साली तुलना प्रसिद्ध केली. सूत्राने जखम भरण्यास आठ आठवडे लागले, शस्त्रक्रियेने चार. परंतु रोग उलटण्याचे प्रमाण अनुक्रमे ४ व ११ टक्के आढळले.

नव्या उपायांसही हाच न्याय लागू आहे. रक्तातील प्लेटलेटांपासून मिळणारी वृद्धिकारक द्रव्ये आज अवघड भगंदरात टोचून पाहिली जात आहेत. क्रोन रोगातील भगंदरावरच्या मूलपेशींच्या एका औषधास युरोपात २०१८ साली परवानगी मिळाली. २०२३ च्या मोठ्या चाचणीत त्याचा लाभ सिद्ध झाला नाही, आणि २०२४ मध्ये ते मागे घेतले गेले.

लज्जेपायी हे दुखणे लपविणारे आपल्यातही पुष्कळ आहेत. त्यांनी वेळीच वैद्यास दाखवावे, आणि उपाय जुना असो वा नवा, त्याची कसोटी झाली आहे काय, हे निःसंकोच विचारावे.