ध्रुवण-लिडार

ध्रुवित लेसर प्रकाशाची स्पंदे आकाशात सोडून, परतणाऱ्या प्रकाशाच्या ध्रुवणात पडलेल्या फरकावरून ढगांतील व हवेतील कणांचा आकार ताडणारे उपकरण. परतीला लागलेल्या वेळावरून कणांची उंची कळते आणि परतलेल्या प्रकाशावरून त्यांच्या प्रमाणाचा अंदाज येतो. पण तेवढ्यावरून पाणी की बर्फ, हे ठरत नाही. गोल थेंबावरून सरळ मागे आलेल्या प्रकाशाचे ध्रुवण जवळजवळ जसेच्या तसे राहते. कोनदार हिमस्फटिकात आतल्या आत परावर्तन होऊन ते बिघडते. मूळ ध्रुवणाला लंब आणि समांतर घटकांचे गुणोत्तर थेंबांसाठी शून्याजवळ, हिमस्फटिकांसाठी बहुधा ०.३ ते ०.५ आणि वाळवंटी धुळीसाठी ०.३च्या आसपास असते. धूळ व बर्फ यांचे आकडे असे जवळ येतात तेव्हा उंची आणि तापमान पाहूनच निवाडा करावा लागतो.

हे गुणोत्तर आकाराची साक्ष देते, पदार्थाची नव्हे. नागपुरात रामदासपेठेवरच्या हवेत रस्त्याची धूळ आणि शहराच्या उत्तरेकडील कोराडी-खापरखेडा वीजकेंद्रांची राख एकत्र आली असे समजू. दोन्हींत सिलिकेटे भरपूर. तरी धूळ खडबडीत, तर कोळशाची राख भट्टीत वितळून बरीचशी गोल कणांत थिजते. राखेत गोल कण जितके अधिक, तितके गुणोत्तर खाली येणार. म्हणजे रसायनाने जवळचे कण वेगळे दिसतील, आणि राख मात्र दमट धुरक्याच्या पंक्तीला जाऊन बसेल. या आकड्यावरून थेट प्रदूषकाचे नाव घेणे म्हणूनच घाईचे ठरते.

दाट जलमेघात प्रकाश अनेकदा विखुरल्याने गोल थेंबही विध्रुवण दाखवतात, हा आक्षेप खरा आहे. मात्र ते ढगात शिरावे तसे हळूहळू वाढते, त्यामुळे ओळखता येते. उलट, आडव्या तरंगणाऱ्या हिमचकत्या आरशासारख्या वागून पाण्याचा भास करतात. त्यावर उपाय किरण तिरपा करण्याचा: एप्रिल २००६ मध्ये सोडलेल्या कॅलिप्सो उपग्रहाचा किरण नोव्हेंबर २००७ मध्ये ०.३ अंशावरून ३ अंशांवर नेला गेला. तिसऱ्या आक्षेपाला उत्तर नाही. गडगडाटी ढगात लेसर थोड्याच अंतरात विरतो. विदर्भातल्या गारपिटीची चाहूल रडारकडेच मागावी. उंचावरच्या विरळ तंतुमेघांत मात्र लिडारची पकड चांगली बसते. तिरुपतीजवळच्या गादंकी येथे भारत-जपान सहकार्याने १९९८ मध्ये उभारलेल्या लिडारने ५३२ नॅनोमीटरचे दोन्ही घटक वेगळे मोजून तेच ढग अभ्यासले.