दारूचे माप

शीर्षक वाचून घरातल्या वडीलधाऱ्यांच्या भुवया उंचावण्यापूर्वीच खुलासा करतो. ही दारू ठासण्याची आहे, ढोसण्याची नव्हे.

अमेरिकेत हौशी नेमबाजांचा एक मोठा वर्ग असा आहे, की तो झाडलेल्या काडतुसांच्या पितळी पुंगळ्या वेचून घरी आणतो, त्यांत नवी टोपी बसवतो, मोजून दारू घालतो, वर नवी गोळी दाबतो आणि आठवड्याचा खेळ स्वस्तात भागवतो. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र अधिनियमाप्रमाणे परवान्यावाचून काडतूस तयार करणे हा गुन्हा आहे. त्यामुळे आपण हा उद्योग कागदावरच पाहायचा. पण कागदही कमी मनोरंजक नाही. या मंडळींची पोथी म्हणजे कोष्टकांचे एक जाडजूड पुस्तक. त्यात गोळीचे वजन, दारूचे नाव, आरंभाचे माप आणि कमाल माप असे रकाने असतात. मापे ग्रेनमध्ये. एक ग्रेन म्हणजे आपल्या सोनाराच्या गुंजेच्या जेमतेम निम्मा. पिस्तुलाच्या काडतुसात अशा थोड्याच ग्रेनांचा खेळ असतो, आणि एका ग्रेनाच्या फरकाने हातातले पिस्तूल फुटू शकते. ही कोष्टके मी प्रथम पाहिली तेव्हा मनात आले, हे आकडे ठरवले कोणी? आणि त्यासाठी किती बोटे, किती डोळे खर्ची पडले?

पूर्वी आकडे नव्हतेच. तळहातावर गोळी ठेवायची आणि ती झाकेल इतकी दारू ओतायची, असा एक ठोकताळा सांगत. काळ्या दारूच्या राज्यात असले ठोकताळे खपून जात, कारण कोळसा, गंधक आणि सोरा यांचे ते मिश्रण तसे समजूतदार. थोडे अधिक पडले तर धक्का अधिक आणि धूर अधिक. तरी बंदुका फुटतच. म्हणून लंडनच्या बंदूककारांच्या संघाला १६३७ मध्ये सनद मिळाली, आणि १८१३ मध्ये बर्मिंगहॅमला कायद्याने परीक्षागृह उभे राहिले. नेहमीपेक्षा अधिक दारू ठासून नळी एकदा उडवायची. टिकली तर तिच्यावर ठसा मारायचा. आपल्याकडच्या जुन्या इंग्रजी बंदुकांच्या नळीवर हे ठसे आजही दिसतात. दारूचीही परीक्षा होत असे. फ्रान्सच्या १६८६ च्या फर्मानाप्रमाणे ३ औंस दारूने ६० पौंडांचा गोळा निदान ५० त्वाझ, म्हणजे सुमारे शंभर मीटर, फेकला पाहिजे. नाही तर माल परत.

परंतु यातून कळत होते ते एवढेच, की ही नळी आज फुटली नाही. नळीच्या आत नेमका जोर किती निर्माण होतो, हे कोणालाच ठाऊक नव्हते.

तो प्रश्न गणिताच्या भाषेत पहिल्यांदा नीट विचारला बेंजामिन रॉबिन्स या इंग्रजाने. क्वेकर पंथाच्या, म्हणजे युद्धाचा तिटकारा असणाऱ्या घरात जन्मलेला हा माणूस तोफांचे शास्त्र लिहून गेला, हा दैवाचा विनोदच. त्याची युक्ती मोठी साधी होती. एक जड लाकडी ठोकळा झोपाळ्यासारखा टांगायचा, त्यात गोळी मारायची, आणि ठोकळा किती झुलला ते फितीने मोजायचे. त्यावरून गोळीचा वेग काढायचा. बंदुकीची गोळी सेकंदाला सुमारे १७०० फूट जाते हे या झोपाळ्याने सांगितले, आणि दारूचा जोर हवेच्या दाबाच्या हजारपट असतो, असा त्याने हिशेब मांडला. १७४२ साली त्याचे पुस्तक निघाले. तीनच वर्षांत ऑयलरसारख्या गणितज्ञाने ते जर्मन भाषेत नेले. पुढे ईस्ट इंडिया कंपनीने त्याला किल्ल्यांची तटबंदी सुधारण्यासाठी हिंदुस्थानात पाठवले. १७५१ मध्ये कडलूरजवळच्या फोर्ट सेंट डेव्हिडमध्ये तो तापाने गेला. वय अवघे ४४.

त्याच्यानंतर काउंट रम्फोर्डने एका लहानशा नळीचे तोंड तोफेच्या वजनाखाली दाबून धरले आणि ते उचलायला किती दारू लागते ते पाहिले. त्याचा हिशेब मात्र हजारांवरून एकदम दशसहस्रांत गेला. दोन विद्वान, आणि उत्तरांत दहापटींहून अधिक अंतर! तोफा ओतणाऱ्यांनी कोणावर भरवसा ठेवायचा?

या अज्ञानाची किंमत २८ फेब्रुवारी १८४४ रोजी पोटोमॅक नदीवर भरावी लागली. अमेरिकेची नवी युद्धनौका 'प्रिन्स्टन' पाहायला राजधानीतली बडी मंडळी बायकामुलांसह आली होती. नौकेवर १२ इंच तोंडाची, घडीव लोखंडाची प्रचंड तोफ होती, आणि तिचे नाव 'पीसमेकर', म्हणजे शांतिदूत! कॅप्टन स्टॉक्टन यांना तिचा फार अभिमान. त्या दिवशी ती उडवून झाली होती, जेवणे चालू होती. पण नौदलमंत्री गिल्मर यांनी आणखी एकदा पाहण्याची इच्छा दाखवली. कॅप्टनांनी मान दिला. तोफ बुडाकडे फुटली. गिल्मर, परराष्ट्रमंत्री अप्शर आणि आणखी चौघे जागीच ठार झाले. त्यांत आर्मिस्टेड नावाचा, राष्ट्राध्यक्ष टायलर यांचा गुलाम सेवकही होता. टायलर खाली होते म्हणून वाचले. मृतांत डेव्हिड गार्डिनर होते. त्यांच्या मुलीशी, ज्युलियाशी, टायलर यांनी चारच महिन्यांनी लग्न केले. पण माझे मन अडते ते दुसऱ्याच गोष्टीपाशी. हीच तोफ परीक्षेच्या वेळी याहून बरीच अधिक दारू पचवून बसली होती. म्हणजे परीक्षेचा ठसा मिळाला, तरी लोखंडाच्या पोटात काय चालले आहे ते ठशाला ठाऊक नव्हते.

त्यानंतरची दोन दशके खऱ्या मोजणीची. अमेरिकेच्या रॉडमनने तोफेच्या भिंतीला भोक पाडून त्यात एक दट्ट्या बसवला. दट्ट्याच्या टोकाला पाते, पात्यापुढे तांब्याची चकती. बार उडाला की पाते तांब्यात रुतायचे, आणि खाचेच्या लांबीवरून जोर कळायचा. इंग्लंडच्या अँड्र्यू नोबलने पात्याऐवजी तांब्याचे इवलेसे नळकांडे चिरडण्याची रीत बसवली. फ्रेडरिक एबलबरोबर त्याने १८७५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, बंद भांडे काळ्या दारूने पूर्ण भरून पेटवले तर हवेच्या दाबाच्या सुमारे ६४०० पट जोर येतो, असे ठरले. रॉबिन्सचे हजार आणि रम्फोर्डचे दशसहस्र यांच्या मधोमध सत्य बसले होते.

आणि उत्तर हाती येते न येते, तोच प्रश्नच बदलला! १८८४ मध्ये फ्रान्सच्या पॉल व्हिएयने बिनधुराची दारू काढली. तिचे बळ काळीच्या सुमारे तिप्पट, आणि स्वभाव अगदी निराळा. भुईनळ्याचे तोंड मोकळे असले की फुलबाग, बुजले की स्फोट, हे आपल्या मुलांनाही ठाऊक आहे. ही नवी दारू तशीच. मोकळ्यावर ती निवांत जळते. पण कोंडली की जितका दाब वाढेल तितकी ती भराभर जळते, आणि जितकी भराभर जळेल तितका दाब आणखी वाढतो. अशा दारूला जुने माप लावणाऱ्यांच्या बंदुका फुटू लागल्या. त्यांच्यासाठी कारखानदारांनी काही दारू मुद्दाम फुगीर केली, की जुन्या पळीने मोजली तरी चालावे. पण शेजारच्याच डब्यात घट्ट दाण्याची दुसरी दारू मिळे, आणि तिला तीच पळी लावणे म्हणजे मरणाला आमंत्रण. तेव्हापासून पळी मागे पडली आणि तराजू आला. छापील कोष्टके वाढत गेली, आणि १९२६ मध्ये अमेरिकी कारखानदारांनी एक संस्था स्थापून काडतुसांची कमाल मर्यादा ठरवण्याचे काम हाती घेतले. नऊ मिलिमीटर लुगरला आज चौरस इंचाला ३५,००० पौंड, जुन्या .३८ स्पेशलला १७,०००. दोन्ही गोळ्या जवळपास सारख्याच जाडीच्या, पण सोसण्याची ताकद निम्मी! ज्याला हे ठाऊक नाही त्याने कोष्टकाला हात लावू नये.

आता गोळीकडे वळू. शिशाची नुसती गोळी वेगात गेली की नळीत शिसे माखते. म्हणून १८८२ मध्ये स्वित्झर्लंडच्या एदुआर्द रुबिनने गोळीला तांब्याचे कवच चढवले. या दोन जातींची कोष्टके पुढे भरपूर झाली. अलीकडे मध्येच तिसरी जात आली आहे: शिशाची गोळी विजेच्या प्रवाहात धरून तिच्यावर तांब्याचा पातळ मुलामा चढवायचा. कवचापेक्षा स्वस्त, शिशापेक्षा स्वच्छ. पण पुस्तक उघडावे तर शिशाचा रकाना आहे, कवचाचा आहे, मुलाम्याचा बहुधा नाही!

हौशी माणूस नेमका येथे अडतो. कवचाचे कमाल माप घेतले, तर दाब वाढण्याची भीती आहेच. शिवाय अतिवेगाने मुलामा सोलून निघतो आणि नेम जातो. भिऊन फारच कमी दारू घातली, तर बार फुसका निघून गोळी नळीतच अडकते. आणि ते न कळता दुसरा बार उडवला, तर नळी फुटते. म्हणजे संकट दोन्ही बाजूंना. त्यात गोळी पुंगळीत जराशी खोल बसली, की आतली जागा घटते आणि तेवढ्याच दारूचा दाब चढतो. नऊ मिलिमीटरच्या आखूड पुंगळीत हे फार जाणवते. कोष्टकातला आकडा ज्या गोळीवर, ज्या टोपीवर, ज्या खोलीवर मोजला, त्यांतले काहीही बदलले की तो आकडा आपला राहत नाही.

मग माहीतगार काय करतात? गोळी करणाऱ्या कारखान्याने त्या गोळीसाठी काय छापले आहे आणि वेगाची मर्यादा कोणती दिली आहे, ते आधी पाहतात. तिथे काही नसले, तर दारूच्या कारखान्याला विचारतात. पुष्कळ कारखानदार सांगतात, की त्याच वजनाच्या शिशाच्या गोळीचे माप घ्या, किंवा कवचाच्या रकान्यात मध्यापर्यंतच जा. मात्र आरंभ आरंभाच्याच मापाने करा. दोन वेगळी पुस्तके शेजारी ठेवतात आणि आकडे जुळत नसतील तर लहान आकडा धरतात. ओळखीच्या कोणी तोंडी सांगितलेले माप, मग तो कितीही मोठा नेमबाज असो, वहीत उतरवत नाहीत. दारूचा एकच डबा मेजावर ठेवतात. पाच काडतुसे भरतात, झाडतात, पुंगळ्या उजेडात धरून टोपी चपटी झाली आहे का ते पाहतात, नि मगच पुढची पाच भरतात.